मागची डावी बाजू

१

रविवारी सकाळी माझी लेक बिट्टी उठायच्या आत मी गाडीचं बोनेट उघडते. आठ महिने हा माझा नेम आहे. आधी तेलाची पट्टी ओढायची, फडक्याने पुसायची, परत घालायची, परत ओढायची. मग कूलंटची बाटली, ब्रेकचं तेल, बॅटरीच्या टोकांवर साचलेली पांढरी भुकटी, टायरमधली हवा. गाडी एकोणीस वर्षांची आहे. या वयात गाडीचं माणसासारखंच असतं. रोज काही ना काही दुखतं, आणि ज्या दिवशी काहीच दुखत नाही त्या दिवशी जास्त काळजी वाटते.

गाडी बाबांची. आठ महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि बोलणं अडलं. त्यांना सगळं कळतं, पण शब्द सापडत नाहीत. पाणी हवं असलं की ‘खिडकी’ म्हणतात, आणि मग स्वतःवरच चिडतात. त्यांना आठवड्यातून तीनदा व्यायामाला फिजिओथेरपी केंद्रात न्यायचं, बिट्टीला शाळेत सोडायचं, मग मी कामावर जायचं. नवरा वर्षातले नऊ महिने जहाजावर. नवी गाडी आमच्या आवाक्यातली नव्हती, तेव्हा हीच टिकवायची असं मी ठरवलं. कपाटाच्या दाराच्या आत यादी चिकटवली: ब्रेक, बॅटरी, दिवे, टायर. महिन्याला एक काम, झेपेल तसं.

रिव्हर्स सेन्सर त्या यादीत नव्हता. पण माझी मान धरते, मागे वळून बघवत नाही, आणि गाडी मागे घेताना शेजाऱ्यांच्या फाटकाला मी दोनदा जाऊन भेटले होते. तिसऱ्यांदा शेजारीण म्हणाली, “अगं, फाटक तुझ्याच नावावर करून देऊ का?” मग मी मिस्त्रींना फोन केला.

आमचे मिस्त्री साठीचे, बडबडे. अंगणात बसून त्यांनी मागच्या बंपरला चार भोकं पाडली, चार काळी बटणं बसवली, वायर डिकीतून पुढे आणली आणि काचेजवळ एक छोटा डिस्प्ले चिकटवला. मागे काही आलं की त्यावर डावी किंवा उजवी पट्टी पेटणार, मीटरमध्ये अंतर दिसणार आणि बझर वाजणार.

“ताई, टाका रिव्हर्स,” ते ओरडले आणि बादली घेऊन गाडीच्या मागे उभे राहिले. टुक, टुक, टुक. बादली जवळ आली तसा आवाज घाईत आला. बिट्टी टाळ्या वाजवत होती.

बाबा दारात खुर्ची टाकून बसले होते. ते डावा हात उचलून म्हणाले, “नको.”

“काय नको, बाबा?”

त्यांनी बराच वेळ शोधला. “आकडा,” ते म्हणाले. “आकडा नको.”

मला वाटलं, जुन्या माणसाला नवं यंत्र आवडलं नाही. बाबा स्वतः गाडी चालवायचे तेव्हा मागे घेण्याआधी दर वेळी खाली उतरायचे, मागे जाऊन बघायचे आणि मगच परत येऊन बसायचे. पाऊस असो, मागे हॉर्न वाजवणाऱ्यांची रांग असो. आई असताना म्हणायची, “ह्यांना गाडी नको होती, प्रदक्षिणा घालायला काहीतरी हवं होतं.”

२

चार दिवस सेन्सर शहाण्यासारखा वागला. भिंत आली की ओरडायचा, कुंडी आली की ओरडायचा, एरवी गप्प.

पाचव्या दिवशी बाबांचा व्यायाम संपवून मी केंद्रामागच्या आवारातून गाडी काढत होते. सकाळचे अकरा, लख्ख ऊन. आवार म्हणजे नुसतं सिमेंटचं मैदान. झाड नाही, खांब नाही, त्या वेळी दुसरी गाडीही नाही. मी रिव्हर्स टाकला. टुक. टुक. टुक. डावीकडची पट्टी पेटली. २.४.

उतरून मागे गेले. काहीच नव्हतं. बंपरवरची धूळ ओढणीने पुसली, परत येऊन बसले. २.४. मग गाडी हळूहळू चांगली दोन मीटर मागे घेतली. आकडा हलला नाही. म्हणजे जे काही होतं ते माझ्याबरोबर दोन मीटर मागे सरकलं होतं. हा विचार मनात आला तसा मी हाकलून लावला.

मी कानाची मशीन बसवायचं काम करते. दिवसभर आवाजाशीच गाठ. या सेन्सरचं तंत्र मला माहीत आहे: माणसाला ऐकू न येणारा बारीक आवाज सोडायचा, तो कशावर तरी आपटून परत आला की मधला वेळ मोजायचा. कशावर आपटलाच नाही तर परत येणार कसा? पण कानाची मशीनही बिघडली की स्वतःचाच आवाज पकडून शिट्ट्या मारते. स्वस्तातला सेन्सर. तसंच काहीतरी असणार.

“बाबा, यंत्र बावळट निघालं,” मी हसून म्हटलं.

बाबा शेजारच्या सीटवर होते. ते डावीकडच्या आरशात बघत होते, आणि डाव्या हाताने त्यांनी दारावरची मूठ इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती.

पुढच्या आठवड्यात आकडा २.२ झाला. दोन दिवस तिथेच राहिला. मग १.९. घरी, शाळेपाशी, माझ्या कामाच्या ठिकाणी, कुठेही रिव्हर्स टाका, डावीकडे १.९. बिघडलेलं यंत्र उलटसुलट आकडे दाखवतं, आज चार तर उद्या एक. हे एकाच दिशेने चाललं होतं.

३

“एका मिनिटाचं काम,” मिस्त्री म्हणाले. त्यांनी डावा सेन्सर काढून उजवीकडे लावला, उजवा डावीकडे. “आता बघा, खोट सेन्सरमध्ये असेल तर ती उजवीकडे जाईल.”

रिव्हर्स टाकला. डावीकडे. १.६.

त्यांनी वायर बदलली. डिस्प्ले बदलला. शेवटी आपल्या पेटीतला कोरा सेन्सर पाकीट फोडून लावला. डावीकडे, १.६.

“तुम्ही बसून आकडे सांगा, मी मागे जातो.” ते चालत चालत फाटकापर्यंत गेले. “बोला!”

“एक पॉइंट सहा.”

“अहो, मी तर पाच मीटरवर आहे!” ते हसले. मग पावलं मोजत पुढे आले, बरोबर डाव्या कोपऱ्याच्या मागे. आरशात मला ते कमरेपर्यंत दिसत होते. “आता मी दीड मीटरवर आहे. बोला.”

मी डिस्प्लेकडे बघत होते. माझ्या डोळ्यांदेखत आकडा बदलला. “एक पॉइंट तीन,” मी म्हटलं. “पुढे आलात का?”

“नाही.”

“मग एक पॉइंट तीन कसं?”

दोन माणसांना एकाच जागी उभं राहता येत नाही. एक आला की दुसऱ्याने सरकायचं. आरशात मी पाहिलं, मिस्त्रींनी उजवा हात समोर धरला, थोडा पुढे नेला आणि झटक्यात मागे ओढला. मग तो हात ते बराच वेळ पँटला पुसत राहिले.

खिडकीपाशी आले तेव्हा त्यांची बडबड बंद झाली होती. “ताई, असं करू. बझरची वायर तोडून टाकतो. आवाजच नको.”

असली माणसं मला रोज भेटतात. कानाची मशीन काढून खिशात ठेवतात आणि सांगतात, आता कसला त्रास नाही. मी त्यांना रागावते. म्हणून मी मिस्त्रींना म्हटलं, “नको, राहू दे.”

जाताना ते पान्यांची पेटी आमच्या अंगणातच विसरले. न्यायला स्वतः आले नाहीत, माणूस पाठवला.

४

०.९ झालं त्या संध्याकाळी मी बाबांच्या खोलीत गेले. बिट्टी पुढच्या खोलीत अभ्यासाला बसली होती. मी दार लोटून घेतलं आणि पलंगाजवळच्या स्टुलावर बसले.

“बाबा, तुम्ही गाडी मागे घेताना उतरून बघायचात. काय बघायचात?”

डाव्या हाताची बोटं त्यांनी चादरीवर ठेवली आणि एकेक बोट पुढे टाकत, कुणीतरी चालावं तशी, स्वतःकडे आणली.

“किती,” ते म्हणाले. “किती... लांब.”

“काय किती लांब?”

“लांब असायचा.” त्यांनी मान हलवली, शब्द चुकला होता. “असायची.” परत मान हलवली. “असायचं...” तेही त्यांना पटलं नाही. आपल्या भाषेत याच्यापुढे चौथं काही नाही. ते थांबले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“कोण, बाबा? माणूस? जनावर?”

“पाहुणा,” ते म्हणाले. “नाही. टोपी. नाही. नाही!” डावा हात त्यांनी गादीवर आपटला. मी तो हातात घेतला. थंडगार होता. थोड्या वेळाने शांत होऊन ते अगदी स्पष्ट म्हणाले, “मी बघायचो. म्हणून लांब.”

मेंदूला मार बसला की माणूस काहीही जोडतो. डॉक्टरांनी मला हे आधीच सांगून ठेवलं होतं. मी स्वतःला तेच सांगितलं. तरी दुसऱ्या दिवसापासून मी दर वेळी खाली उतरून मागे बघायला लागले. मला रस्ता दिसायचा, ऊन दिसायचं, वाळलेली पानं दिसायची. बाबांना जे बघता येत होतं ते मला येत नव्हतं, किंवा फार उशीर झाला होता. ०.६. ०.४. मग बझर न थांबता एकसारखा किंचाळायला लागला आणि आकडा गेला ०.२ वर.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिट्टीला मागे डावीकडे बसवलं, तिचा पट्टा लावला, रिव्हर्स टाकला.

आवाज नाही. डिस्प्ले कोरा. मी परत टाकला. कोरा. शेजाऱ्यांच्या फाटकाजवळ गेले तेव्हा आपलं नेहमीचं टुक टुक झालं, आणि लांब आल्यावर थांबलं.

मी स्टिअरिंगवर डोकं टेकून हसले. बिट्टी म्हणाली, “आई, शाळा!”

५

तो आठवडा फार छान गेला. यादीतलं टायरचं काम मी काढलं. चार टायर एकदम जमणार नव्हते, दोन घेतले. टायर बदलले की चाकं सरळ रेषेत आणून घ्यावी लागतात, म्हणून शनिवारी दुपारी बिट्टीला घेऊन अलाइनमेंटवाल्याकडे गेले. त्याने गाडी खड्ड्यावर घेतली, चाकांना आरसे लावले आणि आपण खाली उतरला. बिट्टी आणि मी बाहेर बाकावर बसलो होतो. ती माझ्या मोबाइलवर खेळत होती.

खड्ड्यातून आवाज आला, “मॅडम, मागे बसलेल्यांना जरा उतरायला सांगा.”

मी उठले. “मागे कुणी नाही.”

“मागे डावीकडे वजन आहे. रीडिंग चुकतंय.” त्याचं डोकं वर आलं. त्याने आधी गाडीत बघितलं, मग माझ्याकडे, मग बाकावरच्या बिट्टीकडे. “सामान आहे का? डिकीत?”

डिकीत फक्त जॅक आणि जादा चाक. त्याने दोन्ही काढली. परत खाली गेला. मग वर येऊन हात पुसत म्हणाला, “स्प्रिंग बसली असेल. जुनी गाडी आहे. आधी ती बदला, मग या.”

मला ते लगेच पटलं. पटवून घेतलं म्हणा. सोमवारी स्प्रिंग बदलायला गाडी दिली. मिस्त्रींनी स्वतः हात लावला नाही, दुसऱ्या गॅरेजचा पत्ता दिला. तिथल्या माणसाने काढलेल्या दोन्ही जुन्या स्प्रिंगा फरशीवर शेजारी शेजारी उभ्या करून मला दाखवल्या. उंची सारखी. केसाइतकाही फरक नाही.

“ह्या तर ठणठणीत आहेत,” तो म्हणाला. “नव्या घातल्यात, पण डावी बाजू अजून खालीच आहे. कशामुळे ते कळत नाही बुवा.”

घरी येताना मी आरसा वर फिरवून ठेवला, छताकडे. गाडीत मी एकटी होते, आणि गाडी डाव्या वळणावर, शेजारी जाड माणूस बसला की बाकडं कलतं तशी, कलत होती.

त्या दिवसापासून बिट्टीला मी गाडीत बसवलं नाही. शाळेच्या बसला नाव घातलं. ती रुसली. “माझी जागा का काढलीस?” असं तिने दोन दिवस विचारलं. बाबांना मात्र न्यावंच लागत होतं. ते पुढे बसायचे. जाताना-येताना आम्ही दोघं एक शब्द बोलायचो नाही, आणि दोघंही मागे बघायचो नाही.

६

बुधवारी बाबांना केंद्रातून आणत होते तेव्हा शाळेतून फोन आला. बिट्टी झोपाळ्यावरून पडली होती. मनगट सुजलं होतं, बाई म्हणाल्या, दवाखान्यात न्यावं लागेल, लवकर या.

शाळेच्या फाटकात बाई तिला घेऊन उभ्याच होत्या. हात रुमालाने गळ्यात बांधलेला, चेहरा रडून लाल. मी गाडी थांबवली आणि मग माझ्या लक्षात आलं की तिला बसवायचं कुठे हे मला माहीत नाही. दुसरी गाडी शोधायला वेळ नव्हता. ती कण्हत होती. आणि पुढे बाबा होते, ज्यांना हाताला धरल्याशिवाय उभंही राहता येत नव्हतं.

बाबांनी पट्टा सोडला.

“बाबा, थांबा—”

त्यांनी डाव्या हाताने दार उघडलं, पाय बाहेर टाकले, दाराला धरून उठले. गाडीला धरून दोन पावलं मागे गेले. “ती पुढे,” ते म्हणाले. मग मागचं दार उघडून वाकले आणि रिकाम्या सीटकडे बघत, हलक्या आवाजात, कटकट करणाऱ्या घरच्या माणसाला म्हणावं तसं म्हणाले, “सरक.”

सरका नाही. सरक.

गाडी हलली. थोडीशीच, पण माझ्या पाठीला ते कळलं. डावीकडचा भार मधे आला. बाबा आत बसले आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

बाईंनी बिट्टीला पुढे बसवलं, पट्टा लावून दिला. त्यांना काही दिसलं नव्हतं. दिसण्यासारखं काही नव्हतंच. मी गाडी चालवू लागले. बिट्टी हुंदके देत सांगत होती, झोपाळा कसा उंच गेला, कोण हसलं, बाईंनी बर्फ कसा लावला. मी ‘हो ग राणी, हो’ म्हणत होते. चौकात सिग्नलला थांबले आणि हात वर करून आरसा खाली फिरवला. बाबा ठीक आहेत ना, एवढंच बघायचं होतं.

बाबा दाराला चिकटून बसले होते, जागा कमी असल्यासारखे. डावा हात मांडीवर. आणि उजवा हात, जो आठ महिन्यांत कुणाला बोटभर हलवता आला नव्हता, तो खांद्याच्या उंचीवर उचललेला होता. आडवा. कुणाच्या तरी मानेमागून टाकावा तसा. हाताखाली काही नव्हतं, तरी हात खाली पडत नव्हता.

मागून हॉर्न वाजले. सिग्नल कधीच सुटला होता.

७

बिट्टीच्या मनगटाला बारीक चीर होती. तीन आठवड्यांचं प्लास्टर. घरी आलो तेव्हा चार वाजले असतील. आधी बिट्टीला उतरवलं. मग बाबा उतरले, हळूहळू, आणि मी त्यांना धरायला हात पुढे केला तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं. ते दारापासून बाजूला झाले. गाडीची मागची बाजू माझ्या नजरेसमोर वर आली, दोन बोटं, तीन बोटं, आणि नव्या स्प्रिंगा कुरकुरून थांबल्या.

बाबा एकटे चालत घरात गेले. पायऱ्यांवर थोडं थांबले, जड काहीतरी ओढून दमल्यासारखे.

गाडी आता छान चालते. अलाइनमेंटवाल्याने एका फेरीत काम केलं, एव्हरेज परत आला, सेन्सर फाटकं आणि कुंड्या दाखवतो. बिट्टी तिच्या जागेवर बसते. बाबा मात्र गाडीत बसायला तयार नाहीत. केंद्र सोडलं. खोलीतून बाहेरही फारसे येत नाहीत, जेवण आतच मागतात. मी डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, अशा आजारात येते उदासी, त्यांच्याशी बोलत राहा.

म्हणून काल दुपारी मी चहा घेऊन गेले. दार अर्धवट उघडं होतं. मी बाहेरच थांबले, कारण आत बाबा बोलत होते.

नीट बोलत होते. अडखळत नव्हते, एक शब्द चुकत नव्हता. मी दुसरीत असताना आम्ही ज्या घरात राहायचो तिथल्या जिन्याबद्दल काहीतरी सांगत होते. मधेच थांबत, ऐकल्यासारखे, आणि मग ‘हो, तेव्हाच’ म्हणून पुढे सांगू लागत. इतकी सलग वाक्यं त्यांच्या तोंडून मी आठ महिन्यांत ऐकली नव्हती. रडू येईल इतका आनंद व्हायला हवा होता.

फटीतून त्यांची पाठ दिसत होती. पलंगाच्या कडेला बसले होते, दाराकडे पाठ करून. त्यांच्या उजवीकडची गादी खोल गेली होती. आणि सदऱ्याचा उजवा खांदा चेपला होता, कापड गोल आत गेलं होतं, कुणी डोकं टेकवल्यावर जाईल तसं. ते कापड हलत होतं. हळू वर, हळू खाली. बाबांचा श्वास वेगळ्या लयीत चालला होता.

बाबा बोलायचे थांबले. वळले नाहीत.

“दार लाव, बाळा,” ते म्हणाले.

मी दार ओढून घेतलं. आत ते परत बोलू लागले, अगदी निवांत, मघाच्याच स्वरात. पुढच्या खोलीत बिट्टी एका हाताने चित्र रंगवत काहीतरी गुणगुणत होती. मी तिच्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, चहाचा कप डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताने, आवाज होणार नाही अशी, बाहेरून कडी घातली.